जवारीचा कान

मी काहीच वाजवलं नव्हतं. तरी काचेपलीकडे नियाज मुजावरनं बटण दाबलं.

माझ्या यंत्रावरचा हिरवा दिवा लागला आणि विझला. आमच्याकडे नियम सोपा असतो. हेडफोनमध्ये बारीक शिट्टीसारखा आवाज आला, की हातातलं बटण दाबायचं. मी बोट नुसतंच यंत्रावर ठेवून बसले होते. मनात चार आकडे मोजले. दिवा पुन्हा लागला. आणखी चार मोजले, पुन्हा दिवा. चौथ्या खेपेला त्यानं दाबलं नाही. कपाळाला आठी घालून, मान किंचित कलती करून तो बसला. आता आवाज फारच बारीक झाला बुवा, पोचत नाही, असं दाखवणाऱ्या माणसासारखा.

इतकं सुरेख सोंग मी त्याआधी पाहिलं नव्हतं आणि त्यानंतरही नाही.

या गोष्टीला आता अकरा वर्षं झाली. तेव्हा मी तेवीस वर्षांची होते. श्रवणशास्त्राची पदवी घेऊन मिरजेतल्या एका रुग्णालयात लागले त्याला तीन महिने झाले होते. काम एकच, लोकांचे कान मोजायचे. म्हाताऱ्यांचे, गिरणीत राबणाऱ्यांचे, आणि कर्करोग विभागातल्या ज्या रोग्यांना प्लॅटिनमचं औषध चढायचं त्यांचे. ते औषध गाठी विरघळवतं, पण काहींच्या कानातल्या बारीक पेशीही मारतं. वरचे, म्हणजे अगदी तीव्र आवाज आधी जातात. एकदा गेलेली पेशी परत येत नाही. म्हणून प्रत्येक सायकलच्या, म्हणजे औषधाच्या फेरीच्या, आधी माझ्याकडे तपासणी.

नियाजची ही तिसरी सायकल. वय छत्तीस, धंदा तंतुवाद्यांचा. अंडकोषाचा कर्करोग, पोटातल्या गाठींत आणि दोन्ही फुप्फुसांत पसरलेला. गाठ त्याला वर्षभर आधी हाताला लागली होती. लाजेपायी कुणाला सांगितलं नाही, बायकोलासुद्धा नाही. खोकल्यातून रक्त पडलं तेव्हा ती त्याला धरून घेऊन आली.

पहिल्या दोन तपासण्यांचे आलेख मी आदल्या दिवशी एकावर एक ठेवून खिडकीच्या काचेवर धरले होते. एकच रेघ दिसली. औषधाची एक पूर्ण सायकल अंगात जाऊनही कानावर ओरखडा नाही! खरं सांगायचं तर माझ्या अंगावर मूठभर मांस चढलं. पिढ्यान्‌पिढ्या सुरांत राहणाऱ्या माणसाचा कान वेगळा असतो की काय? मी वहीत एका शोधनिबंधाचं शीर्षकही लिहून ठेवलं होतं. मग जेवताना एकदम घास थांबला. माणसाचा कान रोज पाच डेसिबल तरी इकडेतिकडे करतो. सर्दी होते, झोप कमी पडते, लक्ष उडतं. दोन आलेख इतके जुळणं निसर्गात होत नाही. ते पाठांतरातच होतं.

मी खोलीचं जड दार ओढून उघडलं.

"नियाजभाई, आत्ता मी काही वाजवलंच नव्हतं."

तो माझ्याकडे बघत राहिला. केस गेलेले, भुवया गेलेल्या, तोंडावर हिरवा मास्क. त्यामुळे चेहरा म्हणजे नुसते डोळेच उरले होते. ते डोळे हसले.

"पकडलंत," तो म्हणाला.

"कधीपासून चाललंय हे?"

"मागच्या वेळेपासून. पहिली तपासणी खरी होती."

"पण जमवलंत कसं?"

"राग मानू नका हां मॅडम. तुमचा हात लयीत पडतो. दर चार मात्रांना एक. आवाज बदलला तरी ठेका तोच. नवा तबलजी असतो ना, ठेका सोडायला भितो, तसं."

माझे कान तापले. कॉलेजात पहिल्याच आठवड्यात शिकवलेलं होतं. दोन आवाजांमधलं अंतर सारखं ठेवू नका, नाहीतर रोगी अंदाजानं दाबतो. मी ते परीक्षेत लिहून गुणही मिळवले होते.

"आणि कुठं थांबायचं ते?"

"ते तर तुम्हीच पहिल्या दिवशी कागद पुढ्यात धरून समजावलंत की! अर्धा तास. या आवाजाला तीनदा, त्या आवाजाला पाचदा. इतकं नीट इथं कुणी समजावत नाही. घरी जाता जाता पाठ केलं."

मला रागवायचं होतं, पण त्याच्याकडे बघून रागावता येईना. मी त्याला परत बसवलं, हेडफोन लावले, घड्याळाकडे पाठ केली आणि मुद्दाम वेडंवाकडं वाजवलं. कधी लागोपाठ, कधी पंधरा सेकंद शांतता. या वेळी त्यानं सोंग केलं नाही. खालचे आवाज ठीक होते. दोन हजार ठीक, तीन हजारला जरा कमी. चार हजारपासून रेघ खाली वाकली. सहा हजार आणि आठ हजारला मी यंत्र किती वर नेलं, तरी तो हातात बटण धरून शांत बसून होता. दार उघडून पाहिलं, तर आवाज इतका मोठा होता की हेडफोनच्या कडेतून झिरपून मलाही ऐकू येत होता. त्याला नव्हता.

"बरंच गेलंय," मी म्हणाले.

"मला माहीत आहे."

"मग लपवलंत का?"

तो सगळ्यात आधी उठून दार लोटून आला. मग हळू आवाजात म्हणाला, "डॉक्टरांना सांगू नका. औषध बदलतील."

"कोण म्हणालं?"

"तुम्हीच म्हणालात. पहिल्या दिवशी. कानावर परिणाम दिसला तर डॉक्टर औषध बदलू शकतात, काळजी करू नका."

मी म्हणाले होते. त्याला धीर द्यायला म्हणून म्हणाले होते.

"माझा चुलतभाऊ औषधाच्या दुकानात आहे," तो पुढं म्हणाला. "त्यानं विचारून आणलं. माझ्या आजाराला हेच पाणी खरं. दुसरं कानाला सोसतं, पण कमजोर आहे. मॅडम, माझी पोरगी दुसरीत आहे. तिचं लग्न मला बहिऱ्यानं बघायला लागलं तरी चालेल. पण बघायचंय. तेवढा एक कागद मागच्यासारखा करून द्या."

बाहेर त्याची बायको नसरीन बाकावर डबा मांडीवर घेऊन बसली होती. काचेतून मला तिचा खांदा दिसत होता. कागदावर माझी सही लागणार होती. खोटा कागद दिला, तर त्याला हवं ते औषध मिळणार. खरा दिला, तर काय होईल ते मला ठाऊक नव्हतं. माझं शिक्षण कानापाशी संपत होतं.

"मला अर्धा तास द्या," मी म्हणाले.

"तुमच्या हातात आहे," तो म्हणाला. त्या शब्दांचं मला फार ओझं वाटलं.

डॉ. लोकापुरे आमच्या कर्करोग विभागाच्या प्रमुख. पन्नाशीच्या, कमी बोलणाऱ्या. एकदा सांगितलेलं दुसऱ्यांदा सांगायच्या नाहीत अशी त्यांची ख्याती. परिचारिका त्यांच्यासमोर वहीच घेऊन उभ्या राहायच्या. मी तिन्ही आलेख त्यांच्यापुढे ठेवले आणि एका दमात सगळं सांगून टाकलं. ठेक्याचं, पाठांतराचं, माझ्या सहीचं.

त्यांनी खरा आलेख उचलला.

"मी औषध बदलणार असं त्याला कोण म्हणालं?"

"मी."

"कोरे, तुमचं काम आलेख काढायचं. त्याचा अर्थ सांगायचं काम माझ्याकडे राहू द्या." मग चष्म्यावरून बघत म्हणाल्या, "पण आणलात हे बरं केलंत. चला."

आम्ही परत आलो तेव्हा नसरीन आत येऊन नियाजच्या शेजारी बसली होती. म्हणजे सोंगाचं तिला आधीपासून ठाऊक होतं. डॉक्टरांनी स्टूल ओढलं.

"मुजावर, नीट ऐका. रक्तातली आजाराची खूण तुम्ही आलात तेव्हा चौदा हजारांवर होती. आता तीनशेच्या आत आहे. फुप्फुसातल्या गाठी अर्ध्या झाल्या आहेत. अजून दोन सायकली बाकी. त्या याच औषधानं पूर्ण केल्या तर तुमच्यासारख्या दहांतले सात-आठ बरे होतात. बरे म्हणजे बरे, म्हातारे होऊन मरतात. दुसरं औषध दिलं तर हा आकडा खाली येतो. मी तुम्हाला न विचारता काही बदलणार नव्हते."

"आणि कान?" नसरीननं विचारलं.

"आणखी जाईल. बहिरे होणार नाहीत. समोरासमोरचं बोलणं कळेल, गर्दीत अवघड जाईल. बारीक, वरचे आवाज जातील ते कायमचे. धंद्याला त्याची गरज आहे का?"

नियाज हसला. "डॉक्टर, धंदाच तो आहे. तंबोऱ्याची तार सा म्हणते, ते कुणालाही ऐकू येतं. पण त्या सा च्या डोक्यावर मधमाश्यांचं मोहोळ उठल्यासारखा एक आवाज असतो. तो काढणं म्हणजे जवारी. घोडी, म्हणजे तारेखालची हाडाची पट्टी, कानशीनं इतकी घासायची, की तार तिला टेकली न टेकली अशी राहावी. एक हात जास्ती घासला तर तंबोरा मुका होतो. ते डोळ्यानं दिसत नाही. मी तेवढंच काम करतो."

डॉक्टरांनी आलेखाकडे पुन्हा पाहिलं.

"मग विचार करून सांगा. पण फार वेळ नाही."

"विचार झालाय. हेच पाणी लावा. फक्त आज शुक्रवार आहे. सोमवारी लावाल?"

"सोमवारी सकाळी आठला. त्यापुढे एक दिवसही नाही."

डॉक्टर गेल्यावर तो माझ्याकडे वळला. "मॅडम, परवा रविवारी घरी या. तुमच्याकडे आवाज दाखवणारं काहीतरी यंत्र असेल ना? घेऊन या."

"कशाला?"

"मला एक गोष्ट मोजून हवी आहे," तो म्हणाला. माझ्याच भाषेत मला आमंत्रण दिलं त्यानं.

तो मला शेवटचा रंग बघायला बोलावतोय, असं मी धरून चालले होते. हाताखालचं शेवटचं काम, नीट ऐकू येतंय तोवर. रविवारी सकाळी लॅपटॉप आणि मायक्रोफोन घेऊन निघाले तेव्हा मी स्वतःला बजावलं होतं, की तिथं रडायचं नाही.

दुकान म्हणजे घराची पुढची खोली. भिंतीला न रंगवलेले भोपळे टांगलेले, लाखेचा वास, कोपऱ्यात शिशम लाकडाच्या फळ्या. नियाज पाटावर बसला होता, मांडीवर आडवा तंबोरा. जवळच खुर्चीत त्याचे वडील. मी नमस्कार केला तर ते मोठ्यानं म्हणाले, "बेटी, जोरात बोल. माझे कान साठीलाच गेले."

"अब्बा दहा वर्षं जवारी करत नाहीत," नियाज म्हणाला. "आमच्यात कुणाचेच कान टिकत नाहीत मॅडम. साठीला वरचा आवाज जातोच. आजोबांचा गेला, त्यांच्या वडिलांचा गेला. म्हणून पंचेचाळिशीला पुढच्याला शेजारी बसवायचं. पंधरा वर्षं दोघांनी मिळून ऐकायचं. जुन्याचा कान जायच्या आत नव्यात उतरला पाहिजे."

मी थक्क झाले. वयानुसार तीव्र आवाज कसे कमी होत जातात, याचा आलेख मला तोंडपाठ होता. पुस्तकाच्या एका पानावर पाच उतरत्या रेघा, प्रत्येक दशकाला एक. या गल्लीत तोच आलेख कुणी न काढता चार पिढ्या माहीत होता. नुसता माहीत नव्हता, त्यावर घराचं वेळापत्रक बांधलेलं होतं.

"तुमची मुलगी तर सात वर्षांची आहे," मी म्हणाले.

"म्हणून तिला नाही बसवलं."

आतला पडदा सरकवून नसरीन आली. हात पदराला पुसत नियाजच्या समोर बसली, तंबोऱ्याच्या दुसऱ्या बाजूला. तिनं डोळे मिटले.

"बायका आमच्यात भोपळ्यावर वेलबुट्टी रंगवतात," अब्बा छताकडे बघत म्हणाले. "घोडीला हात लावत नाहीत. आणि हे पंधरा वर्षांचं काम. दीड महिन्यात होतं होय?"

"दीड महिना कुठला अब्बा?" नसरीन डोळे न उघडता, पण त्यांना ऐकू जाईल इतक्या मोठ्यानं म्हणाली. "दहा वर्षं भिंतीपलीकडे पोळ्या लाटताना हेच ऐकतेय. कुणी विचारलं का मला?"

अब्बा पुटपुटले. नियाज मास्कआड हसत होता.

"दीड महिना म्हणजे?" मी विचारलं. मनात हिशेब जुळत नव्हता. दीड महिन्यापूर्वी तर त्याची पहिली सायकलही सुरू झाली नव्हती.

"तुम्ही पहिल्या दिवशी सांगितलंत ना, या औषधानं कानाला धोका आहे? त्याच संध्याकाळी हिला बसवलं. माझा कान शाबूत होता तेव्हाच. कृष्णेला पाणी वाढतंय म्हटलं, की आम्ही घरात शिरायची वाट बघतो का? आधी सामान माडीवर चढवतो."

"रोज?"

"रोज. दवाखान्यात पाच दिवस काढून आलो की घरी. उलटी झाली की थांबायचं, धुऊन यायचं, परत बसायचं. घोडी मी घासणार, तार हिनं छेडायची, दोघांनी ऐकायचं. पहिल्या आठवड्यात मी म्हणायचो आणि ही ऐकायची. मग दोघं एकदम म्हणायला लागलो. आणि पंधरा दिवसांपूर्वी..." तो थांबला.

"पंधरा दिवसांपूर्वी काय?"

"मी म्हटलं, बस, झालं. ही म्हणाली, नाही, अजून हवं. मला वाटलं ही चुकली. मी ऐकलं नाही, तंबोरा तसाच दिला. तिसऱ्या दिवशी गवईबुवांनी परत पाठवला. बंद वाजतोय म्हणाले."

"हाच तो," नसरीननं तंबोऱ्यावर हात ठेवला.

नियाजनं तिच्या हाताकडे पाहिलं. मग नियाज म्हणाला, "मॅडम, मी उद्या ते पाणी घेणार आहे. पण हिच्या कानात खरंच उतरलंय, का मी बायकोच्या प्रेमापोटी तसं समजतोय, ते मला आता कळू शकत नाही. माझ्याकडे ते मोजायचं मापच राहिलं नाही. अब्बांकडेही नाही. म्हणून तुम्हाला बोलावलं."

मी लॅपटॉप उघडला. मायक्रोफोन तंबोऱ्यापासून वीतभर अंतरावर ठेवला. पडद्यावर आवाजाचं चित्र उमटतं. खाली जाड रेघ म्हणजे मूळ स्वर, तिच्यावर शिडीच्या पायऱ्यांसारख्या तिच्या पटीतल्या रेघा, वर जाल तसतशा फिकट. पडदा मी माझ्याकडे वळवून घेतला, म्हणजे त्या दोघांना दिसायला नको. प्रयोग म्हटला की एवढं पाळावंच लागतं.

नसरीननं तार छेडली. पडद्यावर खालच्या दहा-बारा पायऱ्या उजळल्या, वर अंधार. अडीच हजारांच्या वर जवळजवळ काही नव्हतं. गवईबुवा बरोबर होते.

"और," ती म्हणाली.

नियाजनं तार बाजूला सारून घोडीवरून कानस एकदाच फिरवली, फुंकर मारली, तार परत बसवली, तारेखालचा सुती दोरा नखानं जरासा सरकवला. तार वाजली. आणखी दोन पायऱ्या उजळल्या.

"और. अजून ओली आहे."

"ओली म्हणजे?" मी विचारलं.

"तेल तापायच्या आधी मोहरी टाकली तर कशी नुसती पडून राहते, तसं. तडतडली पाहिजे."

"आमच्यात याला बंद, खुली, गोल असे शब्द आहेत," नियाज म्हणाला. "हिला ते पटेनात. म्हणाली, माझ्या शब्दांत सांगेन. मग मी तिचे शब्द शिकलो."

कानस फिरली. "और." पुन्हा फिरली. "और. थोडंच. आता हळू." प्रत्येक वेळी वरच्या अंधारात एकेक रेघ उगवत होती. साडेतीन हजार, चार हजार. चार हजारच्या पुढं नियाजला काही ऐकू येणं शक्य नव्हतं. परवाच मी ते मोजलं होतं. त्याच्या लेखी तंबोरा आता बदलायचा थांबला होता. तरी तो हात पुढं चालवत होता. केवळ ती म्हणते म्हणून, एका वेळी केसभर. बायकोच्या शब्दावर हाड घासत होता, आणि एक हात जास्ती पडला तर तंबोरा मुका.

"और," ती म्हणाली.

त्यानं कानस हलकेच टेकवून ओढली. तार वाजली.

पडदा भरला. खालपासून वरपर्यंत, सहा हजारांच्याही पलीकडे, रेघेवर रेघ, आणि एकही रेघ स्थिर नव्हती. एक मंदावली की दुसरी उजळायची. आवाज खोलीत वर चढत होता, भोपळ्यांना लागून परत येत होता. मी तीन वर्षं आवाजाचं शास्त्र शिकले, पण आवाज असा उमलताना मी त्या दिवशी पहिल्यांदा पाहिला.

"बस!" नसरीन म्हणाली आणि तिनं डोळे उघडले.

नियाजचा हात त्याच क्षणी उचलला गेला होता. त्यानं मला विचारलं, "काय?"

मी पडदा त्याच्याकडे फिरवला. आधीचं चित्र आणि आत्ताचं, शेजारी शेजारी. तो बराच वेळ बघत राहिला. मग वरच्या बाजूला, जिथं रेघांची दाटी होती, तिथं बोट ठेवलं.

"हे?"

"ते तुम्हाला ऐकू येत नाही ते."

"पण आहे?"

"आहे. एक हात आधी थांबला असता तर इतकं नव्हतं. बघा."

"आणि हिनं तिथंच थांबवलं."

"तिथंच."

त्यानं कानस पुसून फडक्यात गुंडाळली. अब्बा खुर्चीतून वाकून पडद्याकडे बघत होते. त्यांनी नसरीनला विचारलं, "मोहरी काय म्हणालीस तू?" तिनं पुन्हा सगळं सांगितलं, जोरात, हातवारे करून. ते ऐकून म्हातारा म्हणाला, "हं. आमचे वालिद भाजणीच्या खमंग वासाचं सांगायचे," आणि पुन्हा छताकडे बघू लागला. त्याच्या मानानं ते बरंच होतं.

दारापर्यंत नियाज सोडायला आला. मी धीर करून विचारलं, "तुम्हाला भीती वाटत नाही?"

"वाटते की. रात्री उठून बसतो. आजार राहील का जाईल, हे माझ्या हातात नाही. पण तो गेला तर नंतर जगायचं कसं, ते तर माझ्या हातात आहे ना? जगणार नसतो तर हा सगळा खटाटोप कशाला केला असता?"

तोवर मी समजत होते, की आशा धरणं म्हणजे आकड्यांकडे बघायचं नाही. या माणसानं सगळे आकडे माझ्याआधी बघितले होते.

सोमवारी आठ वाजता त्याला पाणी लागलं. तिसरी सायकल, मग चौथी. चौथीत त्याच्या तोंडाला फोड आले, वजन आणखी सहा किलो उतरलं, पांढऱ्या पेशी इतक्या खाली गेल्या की नसरीनला आठवडाभर काचेपलीकडून बोलावं लागलं. ती बाहेरून कागदावर लिहून दाखवायची. एकदा मी वाचलं: 'मोठा तंबोरा झाला. मी घासला. अब्बा काही बोलले नाहीत.' तो आतून दोन्ही हात वर करून टाळ्या वाजवत होता, सुई सांभाळत.

माझ्याकडची शेवटची तपासणी त्यानं अगदी सरळ दिली. रेघ तीन हजारलाच कड्यासारखी तुटली होती. मी खाली सही केली.

निकालाच्या दिवशी मीही डॉक्टरांच्या खोलीत जाऊन उभी राहिले. कुणी बोलावलं नव्हतं, कुणी हाकललंही नाही. दार उघडंच होतं. बाहेर बाकांवर तीसेक माणसं आपापल्या फायली घेऊन बसलेली, वर पंखा खडखडत होता. डॉ. लोकापुरेंनी फुप्फुसाच्या फिल्मा दिव्यावर लावल्या, पोटाच्या लावल्या, रक्ताचा कागद दोनदा वाचला. मग नेहमीच्या खालच्या आवाजात म्हणाल्या, "मुजावर, कुठंही काही दिसत नाही. खूण शून्यावर आली आहे. तपासण्या पाच वर्षं चालतील. पण आजार गेलाय."

नसरीन भिंतीला धरून खाली बसली.

नियाज पुढं झुकला. "काय म्हणालात?"

पंख्याच्या आवाजात त्याला खरंच ऐकू गेलं नव्हतं. डॉक्टरांनी चष्मा काढला आणि त्याच्याकडे तोंड करून, एकेक शब्द सुटा करून, पुन्हा सांगितलं. मी त्याच्या चेहऱ्याकडेच बघत होते. मास्क नव्हता आता. 'आजार' म्हणताना आणि 'गेलाय' म्हणताना त्याचेही ओठ डॉक्टरांबरोबर हलले. त्याला अक्षरन्‌अक्षर कळलं होतं.

तरी त्यानं उजव्या कानामागं तळहात धरला, खुर्ची आणखी पुढं ओढली आणि म्हणाला, "काय?"

डॉक्टर त्याच्याकडे बघत राहिल्या. मग उठून उभ्या राहिल्या, टेबलावर दोन्ही हात टेकले आणि पोटातून आवाज काढून ओरडल्या, "गेलाय! आजार गेलाय, मुजावर!"

बाहेरच्या बाकांवरचं बोलणं थांबलं. एकेक करून माणसं उठली आणि दाराशी येऊन उभी राहिली.